मधलं घर

"काका, माझं नाव त्यांनी काढून टाकलंय व्हय?" शिवांजलीने भिंतीपलीकडून फोन पुढे केला तेव्हा अरिहंत अंगणात टॉवेल वाळत घालत होता. बुधवार होता, कुपवाडच्या त्याच्या कारखान्यात सकाळपासून वीज नव्हती, लेथ बंद, कामगार चहाच्या टपरीवर, म्हणून तो दहालाच घरी येऊन दुसऱ्यांदा अंघोळ करून मोकळा झाला होता. फोन जुना होता. काचेला कोपऱ्यात तडा आणि आत सिमकार्ड नाही, कारण पोरीच्या हातात सिम असलं की पोर हातातून जाते असं तिच्या वडिलांचं, सुभेदार जयराजांचं, ठाम मत होतं. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. ही साइट पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही, तुम्हाला रोखण्यात आले आहे. त्याखाली टिंबांनी तोडलेली आकड्यांची एक रांग होती. ती अरिहंतला तोंडपाठ होती. इंटरनेटच्या दुनियेत तो त्याच्याच घराचा पत्ता होता.

पोरगी सांगत होती ते त्याला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. साताऱ्याच्या कॉलेजात नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. लागलेली जागा मला हवी आहे, एवढं साइटवर जाऊन कळवायचं होतं आणि त्याला आज पाच वाजेपर्यंतच मुदत होती. चार दिवस ती हेच पाहत होती. पलूसच्या मैत्रिणीचं उघडलं, तिच्या मैत्रिणीचंही उघडलं, हिचं एकटीचंच नाही. पहिला फॉर्म भरताना घाबरून तिने बटण दोनदा दाबलं होतं, तेव्हाच त्यांनी तिला बाद केलं असणार, असा तिने स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. घरी आप्पा, म्हणजे जयराज, म्हणाले होते, उघडलं तर भर, न उघडलं तर तुझ्या नशिबात न्हाई असं समज. रविवारी तिला बघायला विट्याकडची माणसं येणार होती. हे शेवटचं तिने अगदी सहज सांगितलं, बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तसं.

त्या वेळी त्याला फक्त खिशातला आपला मोबाइल काढून तिच्या हातात द्यायचा होता. मोबाइलचं इंटरनेट वेगळं, त्याचा पत्ता वेगळा, साइट चटकन उघडली असती. पण मग तिने विचारलं असतं, काका, तुमच्या घरच्या वायफायवर का उघडत नाही? पोरगी हुशार होती, नक्की विचारलं असतं. म्हणून तो म्हणाला, "साइटच बंद असेल. तासाभरानं बघ." ती म्हणाली की मैत्रिणीचं उघडतंय की. तो म्हणाला, होतं असं कधीकधी. आणि टॉवेल खांद्यावर टाकून बेचाळीस वर्षांचा, सहा कामगारांचा मालक असलेला हा गृहस्थ आपल्याच घरात चोरासारखा शिरला.

माळ्यावर, जुन्या गाद्यांशेजारी, ते खोकं होतं. त्याची बायको त्रिशला त्याला खोकंच म्हणायची. अरिहंतने त्याला कधी काही नाव दिलं नव्हतं. कारखान्यातून काढून टाकलेला एक संगणक, त्याला रात्रंदिवस घुमणारा बारका पंखा आणि एक हिरवा दिवा. जगभर हजारो माणसं असं एकेक यंत्र घरात चालू ठेवतात आणि आपल्या इंटरनेटचा थोडा हिस्सा अनोळखी लोकांना देतात, फुकट. कुणाला कुठे तरी निरोप धाडायचा असतो, काही वाचायचं असतं, आणि आपण कुठे बसलो आहोत हे कुणाला कळू द्यायचं नसतं. तो निरोप सरळ जात नाही, तीन अनोळखी घरांमधून जातो. पहिल्या घराला पाठवणारा माहीत असतो, तिसऱ्या घराला पोहोचायचं ठिकाण. मधल्या घराला यातलं काहीच माहीत नसतं. ते एका बाजूने घेतं आणि दुसऱ्या बाजूने देतं. अरिहंतचं घर मधलं होतं. त्याच्या घरातून कुठलाही अनोळखी माणूस कुठल्याही साइटवर जात नव्हता. पण या घरांची यादी सगळ्यांना पाहायला खुली असते, आणि साइटींच्या दारावर बसलेले पहारेकरी पहिलं, मधलं, तिसरं असली निवड करत बसत नाहीत. यादीत नाव दिसलं की दार बंद. दीड वर्षापूर्वी आधी एका वर्तमानपत्राचं दार बंद झालं. मग रेल्वेच्या तिकिटाचं, मग मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घ्यायचं, मग गॅसचं. दुसऱ्या कुणाचा इंटरनेटचा पत्ता महिन्यापंधरा दिवसांत आपोआप बदलला असता, पण कुपवाडचे कॅमेरे घरून दिसावेत म्हणून अरिहंतने कायमचा पत्ता घेऊन ठेवला होता. त्रिशला कुरकुरायची आणि मोबाइलवरून काम उरकायची. अरिहंत कुरकुरत नव्हता. खरं सांगायचं तर प्रत्येक नव्या बंद दारापाशी त्याला आत कुठेतरी बरंच वाटायचं. पर्युषणात उपास धरल्यावर तिसऱ्या दिवशी जी हलकी ग्लानी येते, तसं काहीतरी. चाललंय ते आपल्या अंगावर चाललंय, असं तो धरून होता. भिंतीवरून पलीकडे गेलेली वायर त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

ती वायर त्यानेच टाकली होती. लॉकडाउनमध्ये शिवांजली आठवीत की नववीत होती, शाळा फोनवर आली होती, आणि सुभेदारांच्या घरी इंटरनेट घेणं म्हणजे लष्करी तळाचं फाटक उघडं टाकण्यासारखं होतं. तेव्हा अरिहंतच म्हणाला होता, मी देतो, माझ्या नजरेखाली राहील. जयराजांना ते पटलं. तिकडून पलूसच्या शेतातली काकवी यायची, इकडून त्रिशला विरजण द्यायची, त्याच भिंतीवरून वायर गेली आणि पलीकडच्या खोलीत वायफायचा डबा लागला. त्याला पासवर्ड म्हणून अरिहंतने आपलाच मोबाइल नंबर ठेवला, म्हणजे कुणी विसरणार नाही. काकवी आठवणीने यायची. आणि या चार दिवसांत त्याच वायरीने त्याने पलीकडे काय पाठवलं होतं ते आज त्याच्या समोर आलं.

त्याने खोक्याचं बटण बंद केलं. पंखा घुमायचा थांबला. इतक्या वर्षांत त्या आवाजाची सवय झाली होती, आता माळ्यावर कान बधिर झाल्यासारखं वाटलं. आता दहा मिनिटांत साइट उघडेल, पोरगी जागा पक्की करेल, कुणाला काही कळणार नाही, असा त्याचा हिशेब होता. खाली येऊन त्याने आपल्या संगणकावर ती साइट लावली. तीच दोन वाक्यं, तीच रांग. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. पहारेकऱ्यांना यादीत नाव घालायची घाई असते, काढायची नसते. दोनचार दिवस जातील, कदाचित आठवडा. हे त्याला माहीत होतं. माहीत असूनही तो बटण दाबत राहिला, कारण बटण दाबत बसणं भिंतीपाशी जाण्यापेक्षा सोपं होतं. साडेअकरा झाले. बारा झाले. त्रिशला जेवायला हाक मारून गेली.

आणि या असल्या वेळी जे आठवायचंच होतं ते आठवलं. खुर्ची, संगणकाचा उजेड, मागे उभं राहिलेलं कुणीतरी. दोन हजार सात साल. तेव्हा मागे वडील उभे होते, रायगोंडा पाटील, कमरेवर हात ठेवून. चंदनबाला, अरिहंतची धाकटी बहीण, पंधरा दिवसांपूर्वी लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना घरातून निघून गेली होती. कुणाबरोबर नाही, एकटीच. तिला नोकरी करायची होती, एवढंच. पण एवढं कुणाला खरं वाटत नव्हतं. मिरजेपासून निपाणीपर्यंत माणसं फिरून आली. आणि मग अरिहंतला तिची मेल आली. फक्त त्यालाच. अण्णा, मी बरी आहे, आईला सांग, दिवाळीला येते, न्यायला कुणी येऊ नका. चोवीस वर्षांचा अरिहंत तेव्हा नवा नवा कम्प्युटर शिकून आला होता, घरात त्याचा भाव होता. मेलच्या पोटात ती जिथून पाठवली त्या जागेचा पत्ता लपलेला असतो हे घरात त्यालाच माहीत होतं. नसतं माहीत तर बरं झालं असतं असं तो नंतर कितीदा म्हणाला असेल, पण त्या रात्री तसं काहीच वाटलं नव्हतं. तेव्हा वाटली होती ती शिकारीची मजा. रांगेतले आकडे त्याने कागदावर उतरवले, इंटरनेट कंपनीतल्या एका मित्राला फोन केला, मित्राने अर्ध्या तासात सांगितलं, शिरवळचा एक सायबर कॅफे. वडिलांनी पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला आवडली होती. हे तो कुणाला सांगू शकला नव्हता, त्रिशलालासुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप निघाली, हायवेने शिरवळला पोहोचली, आणि औषधांच्या कंपनीत डब्या भरणारी चंदनबाला पहिल्या पाळीला जाताना फाटकाशीच सापडली. ती ओरडली नाही. जीपमध्ये बसताना तिने अरिहंतकडे पाहिलं आणि विचारलं, "आईला सांगितलंस का, मी बरी आहे म्हणून?" त्याने सांगितलं नव्हतं. पत्ता शोधायच्या नादात निरोप राहूनच गेला होता.

ती आता अथणीला असते. नवरा चांगला आहे, मुलगा इंजिनियर होईल. दरवर्षी पोस्टाने राखी येते. पाकिटात राखी असते, चिठ्ठी नसते. सहा वर्षांपूर्वी या मधल्या घरांच्या प्रकाराविषयी अरिहंतच्या वाचनात आलं तेव्हा सगळ्यात आधी त्याला काय वाटलं असेल तर हे, की तेव्हा असं एखादं मधलं घर असतं तर मी तिला शोधू शकलो नसतो. खोकं त्याच आठवड्यात माळ्यावर चढलं. त्यातून कुणाचे निरोप जातात, चांगल्यांचे की वाइटांचे, हे त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. कुठे तरी कुणी चंदनबाला बसली असेल, तिचा पत्ता आज माझ्यामुळे लागणार नाही, इतकं त्याला पुरत होतं. आणि खोकं चालू असताना, एका भिंतीपलीकडे, चार दिवस साइट उघडायची वाट पाहत एक पोरगी बसली होती.

त्रिशलाने ताट समोर ठेवलं आणि काय झालंय ते विचारलं. त्याने सांगितलं.  ती म्हणाली, "पोरीला खरं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"   तो ताटावरून उठला, मोबाइल घेऊन भिंतीपाशी गेला, हाक मारली. शिवांजलीची आई बाहेर आली. तिने पदर हातात पिळला होता. शिवांजली घरात नव्हती. सॅक नव्हती, दाखल्यांची फाइल नव्हती, फोन बंद होता. मंदिरात जाते म्हणून साडेअकरालाच बाहेर पडली होती. आईने पलूसला शेतावर निरोप धाडला होता.

जयराज अडीचला अरिहंतकडे आले. फाटकाबाहेर जीप थांबली, आत त्यांचे दोन पुतणे, इंजिन चालूच. सुभेदार उंच माणूस, निवृत्तीनंतरही पाठ तशीच ताठ, पण आज सोफ्यावर बसताना त्यांनी हाताने आधार घेतला. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते, आणि घाबरायची सवय नसल्यामुळे ते चिडल्यासारखं दिसत होतं. पोरगी कुणाशी बोलत होती, काय बघत होती, हे सगळं अरिहंतच्या मशिनीतून जात होतं, तेव्हा त्याला ते दिसत असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणाले, "आवं अरिहंतराव, तुमी कम्प्युटरवाले. पुण्याकडं गेली का मिरजेकडं, एवढंच सांगा. गाडी हुबी हाय."

अरिहंत संगणकापाशी बसला. जयराज उठून त्याच्या मागे येऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. राउटरच्या नोंदी उघडायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. बोटांना सगळं येत होतं, तेव्हाही आलं होतं. इंग्रजीतल्या बारक्या अक्षरांच्या ओळी होत्या, जयराजांना त्यातलं काही कळत नव्हतं. अरिहंतला कळत होतं. सकाळभर तीच प्रवेशाची साइट, पंचवीस वेळा, तीस वेळा. साडेदहाला, म्हणजे त्याने तासाभराने बघ म्हटल्यानंतर, पुन्हा सहा वेळा. मग अकरा वाजून चार मिनिटांनी एसटीची साइट. सांगली ते सातारा. त्यानंतर काहीच नाही. नाव काढून टाकलंय अशी तिची खात्री झाली होती आणि काढलेलं नाव परत घालून घ्यायला ती स्वतः कॉलेजच्या दारात निघाली होती. पावणेबाराची गाडी मिळाली असेल तर आता ती पोहोचायला आली असेल. जीप आता सुटली तर पाचच्या आत कॉलेजच्या फाटकाशी उभी राहील. फाटकाशीच.

बाहेर पुतण्याने हॉर्न दिला. जयराजांनी विचारलं, काय दिसतंय. अरिहंतने पडदा बंद केला.  तो म्हणाला की मला दिसलंय, पण मी सांगणार नाही. आणि जयराज काही बोलायच्या आत तो बोलत सुटला, कारण थांबला असता तर पुन्हा कधी बोललाच नसता. खोकं, यादी, बंद दारं, भिंतीवरची वायर. पोरीची काही चूक नाही, तिला कुणी बाद केलेलं नाही, चार दिवस तिच्या वाटेत मीच आडवा पडलोय. सकाळी तिने विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तर ती आत्ता घरात असती. सांगितलं नाही, कारण तुमची भीती वाटली. तुमची वाटली आणि स्वतःचीही वाटली.

जयराजांनी ते सगळं उभ्याने ऐकलं. अर्धं त्यांना कळलं नसेल, पण जे कळायचं ते कळलं. ते बाहेर गेले, भिंतीवरची वायर दोन्ही हातांनी धरली आणि हिसडा मारून तोडली. तोडलेलं टोक घेऊन परत आत आले आणि ते टीपॉयवर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलं. मग बसले. "कुणासाटी चालवता ह्ये?" त्यांनी विचारलं. अरिहंत म्हणाला, "ज्याला शोधून काढायला माणसं निघाली आहेत, त्याच्यासाठी."  जयराज म्हणाले, "माजी पोरगी हाय ती. लोकाची न्हाई."  अरिहंतला त्या माणसाची फार दया आली, आणि तरी त्याने साताऱ्याचं नाव घेतलं नाही. त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इंजिनाचा आवाज चालूच होता.

सव्वातीनला अरिहंतचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे शिवांजली. आवाज धापा टाकणारा, पण रडका नव्हता. कॉलेजातल्या बाईंच्या फोनवरून बोलत होती. काकांचा नंबर वायफायचा पासवर्ड म्हणून पाच वर्षं टाइप केला होता, तोच एक पाठ होता. इथल्या कम्प्युटरवर तिचं नाव लगेच निघालं, कुणी काढलेलं नव्हतं काही, बाई हसल्या. जागा हवी म्हणून बटण दाबलंय, पण आता साइट ओटीपी मागते, आणि तो आप्पांच्या फोनवर गेलाय. तेवढा बघून द्याल का काका, दहा मिनिटंच चालतो. त्याच वेळी समोर, जयराजांच्या सदऱ्याच्या खिशात, फोन दोनदा वाजून गप्प झाला होता.

जयराजांनी आवाज ओळखला होता. ते अर्धे उठले, हात पुढे केला, फोन मागितला. अरिहंतने फोन कानाशी धरूनच ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तो सुभेदारांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला. "तुमच्या खिशात सहा आकडे आलेत. ते मला सांगा. मी पुढे देतो. कुठे ते विचारू नका."

पुढची दोनतीन मिनिटं किती मोठी होती ते अरिहंत सांगू शकला नसता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्याला दिसत होता. जयराजांनी फोन बाहेर काढला, चष्मा शोधला, वरच्या खिशातला चष्मा खालच्या खिशात शोधला. मग चष्मा लावून ते पडद्याकडे बघत बसले. त्यांनी तो संदेश पुसला असता तरी कुणी काही करू शकलं नसतं. रविवारची माणसं आली असती, पोहे झाले असते. फोनमध्ये शिवांजलीचा श्वास ऐकू येत होता. ती घाई करत नव्हती. जयराजांनी घसा खाकरला. आणि तळावर वायरलेसवर बोलायची जी त्यांची पंचवीस वर्षांची सवय होती, त्या सवयीने, एकेक आकडा तोडून, दोन आकड्यांच्या मध्ये थांबून, त्यांनी वाचायला सुरुवात केली. चार. शून्य. सात. अरिहंत तो आकडा घेत होता आणि फोनमध्ये सांगत होता. सात. एक. नऊ. एका बाजूने येत होतं, दुसऱ्या बाजूने जात होतं. शेवटचा आकडा गेल्यावर पलीकडे खुडबुड झाली, कुणी बाई काही म्हणाली, आणि शिवांजली म्हणाली, "झालं काका." मग जरा थांबून, "आप्पांना सांगा, शेवटच्या गाडीनं येते." फोन बंद झाला.

जयराज उभे राहिले. पुतणे फाटकातून आत डोकावत होते. त्यांनी हात पुढे केला आणि नंबर मागितला, ज्यावरून आत्ता फोन आला तो. रागाने नाही, बापाने मागावा तसा. सातारा त्यांनी ओळखला असेल, नसेलही. पण नंबर हातात आला की फोन लावता येतो, फोन लावला की जागा कळते, आणि जीप चालू होती. अरिहंतला ते सगळं पुढचं दिसलं. मागचंही दिसलं. त्याने फोन जयराजांना दिसेल असा धरला, तो नंबर शोधला आणि त्यांच्या देखत पुसून टाकला.

 जयराजांनी मूठ वळली होती हे त्रिशलाने पाहिलं, ती दोन पावलं पुढे आली. पण त्यांनी फक्त विचारलं, "येती म्हणाली?"

"म्हणाली, येते," अरिहंत म्हणाला.  "बरी आहे म्हणाली, आईला सांगा. न्यायला कुणी येऊ नका म्हणाली."

शिवांजली येते एवढंच म्हणाली होती. बाकीचं अठरा वर्षं त्याच्याकडे पोहोचवायचं राहिलं होतं. जयराज फाटकापाशी गेले आणि पुतण्यांना म्हणाले, बंद करा रं ती गाडी. इंजिन थांबलं. भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायकोला ते सांगत होते, पोरगी बरी हाय म्हणं, आणि अरिहंत ते घरातून ऐकत होता.